पाहुण्याचं रिकामं ताट

पोलंडमध्ये २४ डिसेंबरला आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत कुणी जेवायला बसत नाही. टेबलावरच्या पांढऱ्या कापडाखाली थोडं वाळलं गवत पसरतात. ती येशूच्या गव्हाणीची आठवण. मग पापडासारखी पातळ, पवित्र रोटी मोडून एकमेकांना द्यायची, रुसवे विसरायचे. मांसाविना बारा पदार्थ वाढले जातात.

पण मंडळी, टेबलावर एक ताट रिकामं असतं. ते अवचित दारात येणाऱ्या पाहुण्याचं!

दुसऱ्या महायुद्धानं हे यजमानच बेघर झाले. सैबेरियातल्या हद्दपारीतून सुटलेले, वाट तुडवत आलेले सुमारे पाच हजार पोलिश, बहुतेक बायका-मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिले. परक्यासाठी ताट मांडणारी ही माणसं तेव्हा आपल्या मातीत पाहुणी होती.