लेकरांची ताकद : तालीम कधी आणि किती?

गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या भागात उसाच्या फडात कोयता चालू होतो आणि गावोगावच्या जत्रांतून कुस्त्यांचा फड भरू लागतो. दोन्ही फडांत लहान लेकरे असतात. कुस्तीच्या फडात नारळावरच्या, रेवड्यांवरच्या पहिल्या कुस्त्या त्यांच्याच. उसाच्या फडातही ती दिसतात. तिथे मात्र त्यांच्या डोक्यावर वाढ्याचा भारा असतो.

या दोन फडांविषयी एक जुनी समजूत आहे, तिच्याबद्दल सभासद बंधु-भगिनींशी चार शब्द बोलायचे आम्ही योजिले आहे. दहा-अकरा वर्षांच्या पोराने जोर-बैठका काढल्या, वजन उचलले, तर त्याची उंची खुंटते, असे आपल्याकडे मानतात. "लेकरू बुटकं राहील, मिसरूड फुटस्तोवर त्याला तालमीत घालू नका," असे सांगणारे वडीलधारे गावोगाव भेटतात. पण त्याच लेकराच्या डोक्यावर भारा देताना उंचीची आठवण कुणाला होत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, भीती चुकीच्या फडाची धरली गेली आहे.

भीती आली कुठून?

१९६४ साली टोकियोला ऑलिंपिक झाले. त्याच वर्षी तिथे क्रीडाशास्त्राची परिषद भरली. कातो आणि इशिको या दोघा जपानी संशोधकांनी तिच्यात दुर्गम भागातील मुलांची हकिकत मांडली. अति कष्टाच्या कामामुळे त्या मुलांच्या हाडांची वाढ अडली होती. पुढे हा दाखला व्यायामाविरुद्ध दिला जाऊ लागला. पण ती मुले तालमीत जाणारी नव्हती, ओझी वाहून राबणारी होती. असे राबणे जिथे असते तिथे खाण्यापिण्याचीही आबाळ असते, हेही ध्यानी घ्यावे.

डॉक्टर मंडळींचे मतही पूर्वी असेच होते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९८३ मध्ये सांगितले होते की, वयात येण्याआधी मुलांना वजनाच्या व्यायामाचा फारसा फायदा नाही. पुढे पुष्कळ अभ्यास झाले आणि त्याच अकादमीने मत बदलले. नीट आखलेल्या, जाणत्याच्या देखरेखीखालच्या व्यायामाने मुलांची उंची खुंटत नाही, असे तिने २००८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये सांगितले. वजन उचलणारे खेळाडू बुटके दिसतात, हे खरे. पण उचलल्याने ते बुटके होत नाहीत. बुटक्या, आटोपशीर बांध्याच्या माणसाला तो खेळ सोपा जातो, म्हणून तेच त्यात टिकतात.

कोवळ्या हाडाचे गणित

उसाचे शेंड्याकडचे कांडे हाताने मोडते, खालचे पक्के झालेले कोयत्याशिवाय तुटत नाही. मुलांच्या हाडाचे असेच आहे. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची चकती असते, तिथून हाड वाढते. वाढ पुरी झाली की ती चकती हाड होऊन जाते. तोवर तो भाग नाजूक, हे खरे. पण त्याला इजा होते ती चुकीच्या पद्धतीने झटका देऊन उचलल्याने, झेपत नाही ते उचलल्याने, नाहीतर पडल्या-झडल्याने. मापात दिलेल्या ताणाने हाड उलट बळकट होते.

आता "मग दंड का फुगत नाहीत?" असे कुणी विचारील. वयात येण्यापूर्वी अंगात पुरुषी संप्रेरके कमी असतात, म्हणून स्नायू फारसे फुगत नाहीत. ताकद वाढते ती मज्जातंतूंमुळे. मेंदूचा हुकूम स्नायूंच्या जास्त तंतूंपर्यंत, बरोबर वेळी पोचू लागतो. आठ ते बारा आठवड्यांच्या नियमित व्यायामाने मुलांची ताकद ३० ते ५० टक्क्यांनी वाढू शकते. व्यायाम सोडला की सहाएक आठवड्यांत ती कमाई उतरते. म्हणजे जत्रेच्या आधी पंधरा दिवस घाम गाळून काही साधत नाही. पाणी जसे पाळीने द्यावे लागते, तसेच हे आहे.

आपल्या घरचेच शास्त्र

ही गोष्ट महाराष्ट्राला परकी नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून मुलांना देशी व्यायाम शिकवला आणि त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे प्रात्यक्षिके दाखवली. मल्लखांबात ओझे असते ते आपल्याच अंगाचे. आधी पकड, मग साधी उडी, मग आढी, असे पायरीपायरीने पोर वर चढते. चांगला वस्तादही हेच करतो. डाव शिकवण्याआधी पोराच्या बैठका बघतो.

मुलींना यातून वगळू नये. मावळातल्या वडगावच्या हर्षदा गरुड हिने २०२२ मध्ये ग्रीसमध्ये कनिष्ठ गटाच्या जागतिक भारोत्तोलन स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. ते मिळवणारी ती पहिली भारतीय.

काय करावे, काय टाळावे

सांगितलेले ऐकण्याइतके आणि तोल सांभाळण्याइतके पोर झाले, म्हणजे साधारण सात-आठ वर्षांचे, की सुरुवात करायला हरकत नाही. आधी अंग गरम करावे, थोडे पळावे. मग बैठका, जोर, दोरावर चढणे, लोंबकळणे. प्रत्येक प्रकार आठ ते पंधरा वेळा, पण प्रत्येक वेळ नेटकी. कमरेतून वाकडे होऊ लागले की तिथेच थांबवावे. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे, मध्ये एक दिवस विसावा. वजन द्यायचेच तर आधी रिकाम्या काठीने पद्धत पक्की करावी, मग हलक्या वजनापासून थोडे थोडे वाढवावे. लंगडी, खो-खो, पोहणे हे रोजचे चालूच द्यावे.

"कोण जास्त उचलतो" ही पैज लहान पोरांत लावू नये. घरात डंबेल्स पडलेली असतील तर लेकरांना एकटे सोडू नये. लहानग्यांच्या पुष्कळ दुखापती हातापायावर वजन पडून, बोटे सापडून होतात. सांधा दुखतो म्हणाले तर "मर्दासारखा सोस" म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा. हृदयाचा आजार किंवा फिट येत असतील तर आधी विचारून घ्या. कुस्तीच्या वजनगटासाठी पोराला उपाशी, तहानलेले ठेवणे हा तर गुन्हाच समजावा. डब्यातल्या पावडरीची गरज नाही. भाकरी, वरण, शेंगदाणे, दूध, जमेल त्याला अंडी, आणि पोटभर झोप.

आणि दुसऱ्या फडाचे? भाऱ्याला पायरी नसते, विसावा नसतो आणि मानेवर किती आले ते मोजणारा वस्तादही नसतो. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यास २०१६ पासून कायद्याने सरसकट बंदी आहे. घरच्या कामात शाळा सांभाळून हातभार लावण्याची मोकळीक आहे, पण मोकळीक म्हणजे ४५ किलोची युरियाची गोणी किंवा उसाची मोळी नव्हे. हे आपल्या लेकरांना लागू आहे, तसेच तोडणीला आलेल्या टोळीतल्या लेकरांनाही. ती आपल्या शेतात आहेत, तोवर त्यांची काळजी आपल्यावर आहे.

सभासद बंधूंनो, या हंगामात एवढे करा. आपल्या उसाच्या फडात लहान डोक्यावर भारा दिसला तर तो उतरवा. आणि गावात जाणता वस्ताद असेल तर पोरा-पोरींना आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी त्याच्याकडे धाडा. गावात तालीम नसेल तर शाळेच्या क्रीडाशिक्षकांना भेटा. एक दोर आणि मऊ मातीचा हौदा एवढ्यावर सुरुवात होते.