जुळे इंग्रजी शब्द : लेखांक ६
शब्दाचा शेवट पाहा

गेल्या आठवड्यात आपण ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ ही जोडी पाहिली. तिथे उच्चारात थोडा तरी फरक होता. आजच्या दोन जोड्यांत तोही नाही. फरक आहे तो फक्त स्पेलिंगमध्ये.

पहिली जोडी ‘स्टेशनरी’. शेवटी ‘ए-आर-वाय’ असेल तर अर्थ होतो स्थिर, जागचे न हलणारे. ‘ई-आर-वाय’ असेल तर कागद, पाकिटे, वह्या, पेने. अर्थ एकमेकांपासून इतके लांब, तरी मूळ एकच. मध्ययुगीन युरोपात बरेच विक्रेते गावोगाव फिरून माल विकत. विद्यापीठांजवळच्या पुस्तकविक्रेत्यांची दुकाने मात्र एका जागी कायम असत, म्हणून लॅटिनमध्ये त्यांना ‘स्टॅशनारियस’ म्हणू लागले. त्यावरून इंग्रजीत ‘स्टेशनर’ आला. लंडनमध्ये या व्यावसायिकांचा संघ १४०३ मध्ये उभा राहिला आणि १५५७ मध्ये त्याला राजसनद मिळाली. पुढे कागद-शाई विकणारा तो स्टेशनर, आणि त्याचा माल ती स्टेशनरी. बेकरची बेकरी, ग्रोसरची ग्रोसरी, तशीच स्टेशनरची स्टेशनरी. दुकानदाराच्या नावातला ‘ई’ मालाच्या नावातही टिकला. ‘ए-आर-वाय’वाले विशेषण मात्र ‘टेम्पररी’, ‘प्रायमरी’, ‘सेकंडरी’ यांच्या पंगतीतले. आणखी एक लक्षात ठेवा: कागद-वह्या कितीही असोत, ‘स्टेशनरीज’ असे अनेकवचन करू नये.

दुसरी जोडी ‘प्रिन्सिपल’. प्राचार्य हा विद्यार्थ्यांचा ‘पॅल’, म्हणजे मित्र, म्हणून त्याच्या स्पेलिंगच्या शेवटी ‘पी-ए-एल’, अशी युक्ती शाळेत सांगतात. पण कर्जाचे मुद्दलही ‘पी-ए-एल’नेच लिहितात, आणि तिथे मित्र कुठला आणायचा? त्यापेक्षा कारण समजून घ्यावे. ‘नॅशनल’, ‘सेंट्रल’ यांच्यासारखा हा ‘ए-एल’ने संपणारा शब्द मुळात विशेषण आहे, अर्थ मुख्य. मुख्य रक्कम ती ‘प्रिन्सिपल सम’. त्यातला ‘सम’ गळला आणि एकट्या विशेषणाचाच अर्थ मुद्दल झाला. संस्थेचा मुख्य तो प्राचार्य.

‘एल-ई’वाला शब्द मात्र नेहमी नाम असतो: तत्त्व, सिद्धान्त. आर्किमिडीजचा सिद्धान्त याच स्पेलिंगचा. आपल्या राज्यघटनेच्या चौथ्या भागातली, अनुच्छेद ३६ ते ५१ मधली मार्गदर्शक तत्त्वेही याचीच. गृहकर्जाच्या फायलीत तर दोन्ही शब्द भेटतात. बँकेची तत्त्वतः मंजुरी म्हणजे ‘इन प्रिन्सिपल’, तिथे ‘एल-ई’. हप्त्यातून फिटणारे मुद्दल मात्र ‘ए-एल’.

म्हणून लिहिताना स्वतःला एवढेच विचारा: इथे ‘तत्त्व’ हा अर्थ बसतो का? बसत असेल तर ‘एल-ई’, नाहीतर ‘ए-एल’. या आठवड्यात घरातले एखादे बँकेचे पत्र किंवा कॉलेजची सूचना घेऊन हा शब्द शोधा आणि स्पेलिंग तपासा. पुढच्या आठवड्यात ‘कॉम्प्लिमेंट’ची जोडी घेऊ.