विश्लेषण : भारतीय स्ट्रायकर परदेशात गेला, पण मैदानात किती मिनिटे खेळला?

‘अमुक खेळाडू युरोपला रवाना’ अशी बातमी आली की ती व्हॉट्सअ‍ॅपवर गावभर फिरते. तो तिथे ट्रेनिंगला गेला, ट्रायलला गेला की करार करून गेला, हे मात्र बातमीच्या शेवटच्या ओळीत असते. भंडारा, तुमसर किंवा साकोलीच्या मैदानावर बूट घालून उतरणाऱ्या मुलाच्या आणि त्याच्या पालकांच्या दृष्टीने हा फरक सर्वांत महत्त्वाचा आहे. आतापर्यंत परदेशात गेलेल्या भारतीय स्ट्रायकरचे नेमके काय झाले? त्यांची गाडी कुठे अडली? आणि जिल्ह्यातून निघणाऱ्या मुलाने काय लक्षात ठेवावे?

महाराष्ट्रातला जवळचा दाखला कोणता?

कोल्हापूरचा अनिकेत जाधव. जन्म २००० चा. पुण्यातील अकादमीत तयार झालेला हा फॉरवर्ड २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळला. भारताने अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिघांविरुद्धचे सामने गमावले. मात्र त्यानंतर लगेच, नोव्हेंबर २०१७ मध्ये, इंडियन अ‍ॅरोजकडून आय-लीगच्या पहिल्याच सामन्यात अनिकेतने चेन्नई सिटीविरुद्ध दोन गोल केले.

२०१९ मध्ये त्याला इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबमध्ये प्रशिक्षणाची संधी मिळाली. पुण्याच्या वेंकीज समूहाने २०१० मध्ये विकत घेतलेला हाच तो क्लब. पण हे प्रशिक्षण होते, करार नव्हता. तो परतला आणि त्याची कारकीर्द इंडियन सुपर लीगमध्येच (आयएसएल) पुढे गेली. जमशेदपूरनंतर तो हैदराबादकडून खेळला. २०२१-२२ मध्ये हैदराबादने आयएसएलचे विजेतेपद पटकावले, तेव्हा तो त्या संघात होता.

ट्रेनिंग, ट्रायल आणि करार यांत फरक काय?

ट्रेनिंग म्हणजे शिकायला जाणे. क्लब तुम्हाला सरावात घेतो, पण अधिकृत सामन्यात उतरवू शकत नाही. ट्रायल म्हणजे चाचणी. क्लब बघतो, आवडले तर पुढे बोलतो, नाही तर तिकीट परतीचे. करार झाला म्हणजे नोकरी मिळाली.

करारानंतरही दोन दारे उरतात. भारतीय महासंघाकडून आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट जावे लागते आणि त्या देशाचा वर्क परमिट मिळावा लागतो. ही दोन्ही दारे उघडल्यावर प्रशिक्षक तुम्हाला मैदानात उतरवतो की नाही, हा प्रश्न येतो. स्ट्रायकरची कारकीर्द या शेवटच्या पायरीवर मोजली जाते. मिनिटे किती आणि गोल किती, एवढेच तिथे विचारतात.

भुतिया आणि छेत्रीचे काय झाले?

बायचुंग भुतियाने १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबशी तीन वर्षांचा करार केला. क्लब तिथल्या तिसऱ्या पातळीवरच्या लीगमध्ये होता. भुतिया तेव्हा २२ वर्षांचा होता. त्याने लीगमध्ये ३७ सामने खेळले आणि तीन गोल केले. आकडा लहान वाटतो, पण तो मैदानात उतरला, हे महत्त्वाचे.

सुनील छेत्रीची गोष्ट वेगळी. २००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने त्याला घेण्याची तयारी केली होती, पण वर्क परमिट नाकारला गेला. कारण त्याच्या खेळाशी संबंधित नव्हते. भारत फिफा क्रमवारीत पहिल्या ७० देशांत नव्हता, हे होते.

२०१० मध्ये तो अमेरिकेच्या कॅन्सस सिटी विझार्ड्सकडे गेला. तिथे त्याला एकच अधिकृत सामना मिळाला, तोही कप स्पर्धेतला. लीगमध्ये एकदाही संधी नाही. २०१२ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबने त्याला घेतले. तिथे ‘ब’ संघाकडून तीन सामने खेळून २०१३ मध्ये तो भारतात परतला.

भारतासाठी ९० हून अधिक आंतरराष्ट्रीय गोल करणाऱ्या खेळाडूची परदेशातली नोंद एवढीच आहे. म्हणजे गुणवत्ता असूनही वेळ, वय आणि कागदपत्रे जुळली नाहीत तर काय होते, याचे हे उदाहरण.

गोव्याचा विंगर रोमिओ फर्नांडिस २०१५ मध्ये ब्राझीलच्या अ‍ॅटलेटिको परानाएन्सकडे लोनवर गेला. त्याआधीच्या हंगामात एफसी गोवाकडून झिकोच्या हाताखाली खेळल्याचा त्याला उपयोग झाला. दक्षिण अमेरिकेत व्यावसायिक क्लबकडून खेळणारा पहिला भारतीय अशी त्याची ओळख आहे. पण तिथला मुक्कामही थोड्या काळाचाच ठरला.

मुलींनी वाट कशी काढली?

इथे चित्र बरे आहे. मणिपूरच्या बाला देवीने जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सशी १८ महिन्यांचा करार केला. डिसेंबर २०२० मध्ये मदरवेलविरुद्ध तिने पहिला गोल केला. पुढे गुडघ्याच्या दुखापतीने तिला रोखले.

पंजाबच्या होशियारपूरची मनीषा कल्याण २०२२ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी सायप्रसच्या अपोलॉन लेडीजकडे गेली. त्याच ऑगस्टमध्ये ती महिलांच्या युएफा चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली. नंतर ती ग्रीसच्या पाओककडे गेली. मनीषाने थेट इंग्लंड किंवा स्पेनचा हट्ट धरला नाही. जिथे रोज खेळायला मिळेल अशा लहान लीगमधून सुरुवात केली.

स्ट्रायकरलाच जास्त अडचण का?

याचे उत्तर आपल्याच लीगमध्ये आहे. आयएसएलमध्ये २०२१-२२ पासून एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात असू शकतात. त्याआधी पाच असायचे. क्लब या मोजक्या जागा कुणाला देतो? बहुतेक वेळा गोल करणाऱ्याला. कारण सामना गोलने जिंकला जातो. परिणाम असा की २०१४ च्या पहिल्या हंगामापासून २०२४-२५ पर्यंत आयएसएलचा गोल्डन बूट एकदाही भारतीयाला मिळालेला नाही. मग मधल्या जागेवर तयार झालेला भारतीय मुलगा सीनियर संघात आला की विंगवर ढकलला जातो किंवा बाकावर बसतो.

आता हेच गणित उलटे करून बघा. आपला स्ट्रायकर परदेशात गेला की तिथे तो ‘परदेशी खेळाडू’ असतो. तो क्लब त्याच्यासाठी एक मर्यादित जागा खर्च करणार. तिथल्या स्थानिक मुलापेक्षा तो उघडपणे सरस असल्याशिवाय ती जागा त्याला का देईल? ज्याला घरच्या लीगमध्ये मधल्या जागेवर सलग ३० सामने मिळालेले नाहीत, त्याने बाहेर जाऊन हे सिद्ध करायचे असते. भारतीय स्ट्रायकर परदेशात टिकत नाही, यामागे हे मोठे कारण आहे.

इंग्लंडमध्ये २०२१ पासून गुणांवर आधारित परमिट पद्धत आहे. राष्ट्रीय संघाच्या क्रमवारीला तिथे आजही वजन आहे. भारत सध्या पहिल्या शंभरात नाही. त्यामुळे ते दार अजूनही जड आहे.

१८ वर्षांआधी परदेशी क्लबमध्ये जाता येते का?

साधारणपणे नाही. फिफाच्या नियमानुसार १८ वर्षांखालील खेळाडूचे आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर बंद आहे. अपवाद मोजके आहेत. पालक फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने, उदाहरणार्थ नोकरीसाठी, त्या देशात राहायला गेले असतील तर मुलाला तिथे नोंदणी मिळू शकते. युरोपीय संघातल्या १६ ते १८ वयोगटाचा अपवाद आपल्या मुलांना लागू होत नाही. म्हणून ‘१४ व्या वर्षी स्पेनच्या क्लबशी करार’ असे कुणी सांगत असेल, तर तो बहुधा फी भरून करायचा कॅम्प असतो.

गावच्या क्लबला काही मिळते का?

मिळू शकते, आणि ही बाब फारशी कुणाला माहीत नसते. करार सुरू असताना खेळाडूचे एका देशातून दुसऱ्या देशात ट्रान्सफर झाले, तर त्या रकमेतील पाच टक्के वाटा त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटला जातो. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक हंगामासाठी एकूण रकमेच्या ०.२५ टक्के, तर १६ ते २३ मध्ये प्रत्येक हंगामासाठी ०.५ टक्के.

गणित सोपे आहे. समजा ट्रान्सफर एक कोटी रुपयांचे झाले आणि मुलगा १२ ते १५ अशी चारही वर्षे एकाच क्लबकडे होता. तर त्या क्लबला एक टक्का, म्हणजे एक लाख रुपये मिळतात. लहान क्लबसाठी हे दोन-तीन हंगामांचे बॉल, जाळ्या आणि बूट झाले. पण अट एकच. त्या वर्षांत मुलाची त्या क्लबकडे महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत नोंद असली पाहिजे. मैदानावर दहा वर्षे शिकवले, पण नोंद नाही, तर हक्क सांगायला काही उरत नाही.

भंडाऱ्यातून वाट कशी निघते?

पहिली पायरी शाळा. सुब्रतो कप आणि शालेय क्रीडा स्पर्धा तालुका, जिल्हा, मग नागपूर विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी जातात. २०२३ मध्ये राज्य सरकारने बायर्न म्युनिकच्या साथीने १४ वर्षांखालील मुलांसाठी घेतलेल्या स्पर्धेची रचनाही अशीच होती. त्यातून निवडलेले २० खेळाडू म्युनिकला प्रशिक्षणासाठी गेले. हीसुद्धा ट्रेनिंगची संधी होती, हे लक्षात ठेवायला हवे.

दुसरी पायरी नियमित लीग. शालेय स्पर्धेत पहिल्या फेरीत हरलात की वर्ष संपले. वर्षाला चार-पाच सामने खेळून स्ट्रायकर तयार होत नाही. भंडाऱ्याजवळ फुटबॉलची जुनी परंपरा नागपूर आणि कामठीत आहे. जिल्ह्यातल्या गुणी मुलाला १३-१४ व्या वर्षी तिथल्या एखाद्या नोंदणीकृत क्लबकडून सामने मिळाले, तर ते परदेशातल्या दोन आठवड्यांच्या कॅम्पपेक्षा जास्त कामाचे आहे. जिल्ह्यातल्या सातही तालुक्यांच्या संघांची आपसात घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर लीग झाली, तरी प्रत्येक संघाला वर्षाला १२ सामने मिळतात. त्यासाठी विमानाचे तिकीट लागत नाही. मैदान, पंच आणि प्रवासाची सोय लागते.

परदेशी ट्रायलसाठी पैसे मागितले तर काय तपासावे?

• एजंटकडे फिफाचा परवाना आहे का? परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर पाहता येते.

• मुलगा १८ च्या आत असेल तर एजंटला पालकांची लेखी संमती लागते. मुलाशी परस्पर फोनवर बोलणाऱ्यापासून सावध राहा.

• पत्र क्लबच्या अधिकृत ईमेलवरून आले आहे का? क्लबच्या संकेतस्थळावरचा पत्ता घेऊन स्वतः विचारा.

• पत्रात नेमके काय लिहिले आहे? कॅम्प, ट्रेनिंग, ट्रायल की करार? करारात पगार क्लब देतो. तिथे खेळाडूनेच पैसे भरायचे असतील तर ती नोकरी नव्हे.

• व्हिसा कोणता? पर्यटक व्हिसावर व्यावसायिक सामना खेळता येत नाही.

शेत गहाण ठेवण्याआधी किंवा कर्ज काढण्याआधी या पाच गोष्टींना एक संध्याकाळ पुरते. आणि पुढच्या वेळी ‘परदेशात निवड’ असा मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी एकच प्रश्न विचारा : तिथे सामन्यात किती मिनिटे खेळणार?