धक्क्याचे गणित

हलक्या मशीनगनच्या रचनेत एक जुना पेच आहे. शस्त्र जड असेल तर गोळीबाराचा धक्का सोसवतो, पण ते वाहून नेणारा सैनिक थकतो. शस्त्र हलके केले, तर लागोपाठच्या गोळ्यांत नेम भरकटतो.

सिंगापूरमध्ये १९६७ पासून तरुणांना सक्तीची लष्करी सेवा आहे. तेथील सैन्यासाठी घडलेल्या 'अल्टिमॅक्स १००' या मशीनगनने हा पेच वेगळ्या वाटेने सोडवला. तिच्या रचनेत अमेरिकी अभियंते जेम्स सुलिवान यांचा मोठा वाटा होता. रिकामी असताना तिचे वजन सुमारे ४.९ किलो भरते; बेल्जियमची 'मिनिमी' सुमारे ७ किलोंची आहे.

हे साधले कसे? बऱ्याच मशीनगनमध्ये वायूच्या दाबाने मागे फेकलेला बोल्ट मागच्या भिंतीवर आदळतो आणि प्रत्येक गोळीगणिक खांद्याला ठोसा बसतो. अल्टिमॅक्समध्ये बोल्टला मागे सरकण्यास लांब वाट ठेवली आहे. भिंत गाठण्याआधीच स्प्रिंग त्याला थोपवून परत फिरवते. क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागे नेतो, तसेच हे. आवेग तेवढाच राहतो, मात्र तो अधिक काळात विभागला जातो. खांद्याला ठोशाऐवजी जवळजवळ एकसारखा रेटा जाणवतो.

याची किंमतही आहे. ही बंदूक गोळ्यांच्या पट्ट्यावर चालत नाही. १०० गोळ्यांचे ड्रम संपले की थांबून ते बदलावे लागते, म्हणून दीर्घकाळ अखंड मारा करण्यात पट्ट्यावरची मशीनगन सरस ठरते. वजनाचा प्रश्न सुटला, तो असा काही सोडून देऊन.