हललेला षड्ज

शिकवणीत दार वाजले की माझ्या एका शिष्येचा षड्ज हलायचा. मी पडलो दरबारी गवयाचा मुलगा. ‘मेहनत कमी पडते’ म्हणून तिलाच बोललो. पुढे कळले, घरी नवरा हात उचलीत असे. ती माहेरी परतली, मार थांबला. पण झोप नाही, दाराची धास्ती जाईना. जोडीदाराचा असा जाच सोसलेल्या स्त्रियांत नैराश्याचा विकार जवळजवळ दुपटीने आढळतो, असे जागतिक आरोग्य संघटनेचा २०१३ सालचा अहवाल सांगतो. आपण मात्र ‘बाई जरा भित्रीच’ म्हणून मोकळे होतो! मनाला केलेली इजाही कौटुंबिक हिंसाच, असे २००५ चा कायदा मानतो. हल्ली ती मानसोपचारतज्ज्ञांकडे जाते. शिकवणीचे दार मी उघडेच ठेवतो.