मोदकाच्या सारणातील भय

भाद्रपद शुद्ध चतुर्थी समीप आली की रत्नागिरीच्या घराघरांत नारळ खवण्याची लगबग सुरू होते. गतवर्षी कीर्तनानिमित्त एका घरी गेलो असता नैवेद्याच्या पानात मोदक होते, पण सारण खजुराचे. यजमानीणबाई संकोचून म्हणाल्या, "बुवा, नारळात कोलेस्टेरॉल असते, असा लेख मुलाच्या भ्रमणध्वनीवर आला होता." सासूबाईंनी मात्र त्या मोदकाला हात लावला नव्हता.

वास्तविक कोलेस्टेरॉल हा प्राणिदेहात निर्माण होणारा पदार्थ. नारळात तो जवळजवळ नसतोच. तथापि भय सर्वस्वी निराधार आहे, असेही नव्हे. खोबरेल तेलातील सुमारे ९० टक्के स्निग्धांश संपृक्त जातीचा असून तो रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवितो. म्हणूनच २०१७ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने ते तेल टाळावे असा सल्ला दिला. पण तो होता तेलाविषयी; वर्षातून एकदा येणाऱ्या चार मोदकांविषयी नव्हे! गंमत अशी की, ज्या फळाला एक शेजारी भितो, त्याच फळाचे तेल दुसरा शेजारी सर्वरोगहर म्हणून रोज सकाळी चमचाभर गिळतो. दोघांचाही गुरू तोच भ्रमणध्वनी.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायाचे नावच 'मात्राशितीय'. आहाराची मात्रा खाणाऱ्याच्या अग्निबलावर ठरते आणि जड पदार्थ तृप्तीच्या तृतीयांश किंवा अर्ध्यापर्यंतच खावेत, असा तेथे उपदेश आहे. स्वभावतः जड म्हणून त्यात पिठाचे आणि उसाचे पदार्थ नावानिशी सांगितले आहेत. म्हणजे मोदकाची उकड आणि गूळ! नारळ हद्दपार झाला, ही दोन्ही मात्र पानात निर्धास्त बसली. वर गोड खजूर आला.

आपल्या पंचांगाची योजनाही पाहण्याजोगी आहे. चतुर्थीला मोदक, तर दुसऱ्याच दिवशी ऋषिपंचमी. बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य, कंदमुळे व पालेभाज्या, आणि कित्येक घरी फोडणीवाचूनच.

मधुमेही मंडळींनी अर्थातच आपल्या डॉक्टरांचे ऐकावे. प्रसादाला कणभरही पुरतो. त्या माउलींना मी एवढेच म्हटले, "वहिनी, नारळ परत आणा, मोदक लहान वळा."

यंदाचे आमंत्रण आले आहे. सारणाचा नारळ सासूबाई स्वतः खवणार आहेत, असा निरोप आहे.