वकील बाबासाहेब, आमदार बाबासाहेब

परमपूज्य बाबासाहेबांचे नाव घेतले की महाडचे चवदार तळे आणि भारताची राज्यघटना डोळ्यांसमोर उभी राहते. त्या मानाने त्यांची वकिली व विधिमंडळातील कामगिरी आपल्या विद्यार्थ्यांना फारशी परिचित नाही.

लंडनच्या ग्रेज इनमधून ते १९२२ साली बॅरिस्टर झाले. सनद काढण्यास पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने मदत केली आणि १९२३ साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांची वकिली सुरू झाली. १९२६ साली पुण्यात गाजलेल्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तिकेच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात त्यांनी केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर आदींची बाजू मांडली व त्यांना सोडवले.

परंतु वकील लढतो तो असलेल्या कायद्याच्या चौकटीत. कायदाच अन्यायाचा असेल तर काय करावे? १८७४ च्या वतन कायद्याखाली महार वतनदाराला तुटपुंज्या जमिनीच्या व बलुत्याच्या मोबदल्यात रात्रंदिवस सरकारी चाकरी करावी लागे. ही बेडी कोर्टात तुटणारी नव्हती. १९२७ साली मुंबई कौन्सिलचे नामनियुक्त सदस्य झालेल्या बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. विरोधामुळे १९२९ साली ते मागे घ्यावे लागले.

१९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबईतून निवडून आले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, पुण्याच्या अधिवेशनात, त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कोकणात सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत बसलेला असे; सारावसुली त्याच्या हाती आणि कुळाची मान त्याच्या मुठीत. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. तरीही विधेयक मंजूर झाले नाही.

मग हे श्रम वाया गेले काय? मुळीच नाही. १९४९ साली खोती निर्मूलनाचा कायदा झाला. १९५८ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दोन वर्षांनी, कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने रद्द झाली. ज्या मागण्या सभागृहाने एकदा नाकारल्या, त्याच पुढे कायद्याच्या पुस्तकात आल्या.

कायद्याचा अभ्यास करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे ध्यानी ठेवावे. खटला जिंकला तर एका पक्षकाराचे भले होते. कायदा बदलला तर पिढ्यांचे. आणि त्या बदलाची सुरुवात पुष्कळदा एका पराभूत विधेयकाने होते.